न जन्मलेल्यांची खुर्ची

माझ्याकडे तीनशे बारा इमारती आहेत आणि त्यांतली एकही मी पाहिलेली नाही. माझ्या म्हणजे देशाच्या. पण त्यांची देखभाल माझ्या टेबलावरून होते, त्यामुळे मनातल्या मनात मी त्यांना माझ्याच म्हणते. कुठल्याशा दूरच्या शहरात एका सतरा मजली इमारतीची लिफ्ट नवव्या मजल्यावर रुसून बसते, हे मला ठाऊक असतं. दुसऱ्या एका शहरात एक दातांचा डॉक्टर भाडं नेहमी उशिरा देतो आणि सोबत लांबलचक माफीपत्र पाठवतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. दुपारी जेवण झालं की मी पाच मिनिटं डोळे मिटते आणि त्या इमारतींतून हिंडून येते. दारं आपोआप उघडतात, गालिच्यावर पावलं वाजत नाहीत, खिडकीबाहेर कुठला ऋतू आहे तेही कळत नाही. मग शेजारच्या टेबलावरचा तीनटक्के खाकरतो आणि मी परत येते.

तीनटक्के हे त्याचं खरं नाव नाही, हे सांगायला नको. त्याचं काम वर्षाअखेरीस सरकारला किती द्यायचं ते काढण्याचं, आणि उत्तर नेहमी तेच असतं. शंभरातले तीन. त्या एका आकड्यासाठी तो बारा महिने कपाळाला आठ्या घालून बसतो.

आमची कचेरी म्हणजे देशाची तिजोरी नव्हे. तिजोरीतून रोजचा खर्च चालतो, आम्ही त्याच्या पलीकडचे. आमच्या समुद्राखाली वायू सापडला, तेव्हा तो विकून आलेला सरकारचा वाटा उधळायची सगळी तयारी झाली होती. पण कुणा शहाण्याला सुचलं की ही कमाई नाहीच. वायू एकदाच निघतो. तो विकणं म्हणजे जमिनीतली ठेव उचलून कागदावर ठेवणं. म्हणून कायदा झाला. तो पैसा एका निधीत, म्हणजे आमच्या कचेरीकडे, टाकायचा आणि निधीने तो बाहेरच्या देशांत गुंतवायचा. हजारो कंपन्यांचे थोडे थोडे शेअर, परक्या सरकारांचे रोखे, माझ्या इमारती. 'इथेच का नाही गुंतवत?' असं प्रत्येक लग्नात मला कोणीतरी विचारतंच. एवढा पैसा एकदम इथे ओतला तर साधा पाव सोन्याच्या भावाने घ्यावा लागेल आणि वायू सोडून बाकी सगळ्या धंद्यांना टाळं लागेल, असं मी सांगते. ते मान हलवतात आणि दुसरीकडे जाऊन बसतात. तर सरकारला वर्षाला शंभरातले तीन मिळतात, त्यातून शाळा, रस्ते, म्हाताऱ्यांची पेन्शन. मुद्दलाला हात लावायचा नाही. ते आपलं नाहीच, पुढे येणाऱ्यांचं आहे.

आता हे पुढे येणारे बैठकीला येणार कसे? त्यासाठी ती खुर्ची आहे.

बैठकीच्या खोलीत लंबगोल टेबलाभोवती सात खुर्च्या सभासदांच्या आणि आठवी न जन्मलेल्यांची. एरवी ती रिकामी असते. पण मुद्दल मोडायचा अर्ज आला की कचेरीतल्या सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकतात, फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून वरपर्यंत, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याने त्या दिवशी तिथे बसायचं. सुताराने ती मुद्दाम उंच केली आहे. बसलं की चांगल्या वाढलेल्या माणसाचेही पाय लोंबकळतात. अध्यक्षबाई विचारतात, "तुम्ही कोण?" उत्तर ठरलेलं आहे, "अजून कोणीच नाही." त्यानंतर जो अजून जन्मायचा आहे, त्याच्या वतीने नव्हे तर तोच होऊन बोलायचं. 'असं वाटतं', 'तसं बरं होईल', हे चालत नाही. 'मला हवं' किंवा 'मला नको', एवढंच. सातांतले पाच हो म्हणाले तरी खुर्ची नाही म्हणाली की अर्ज बाद. खुर्चीत बसणाऱ्याच्या नात्यागोत्याची चौकशी करायची नाही असाही नियम आहे. ज्याचा जन्मच नाही त्याला नातेवाईक कुठले? तेहेतीस वर्षांत चार अर्ज आले आणि चारही वेळा खुर्ची नाही म्हणाली.

पाचव्या अर्जाला माझी चिठ्ठी निघाली, आणि अर्ज होता माझ्या बाबांच्या गावाचा.

हे गाव समुद्राला टेकून आहे. वायू निघाला तो त्याच्या खालून आणि त्याच्या समोरून. बाबा समुद्रातल्या रिगवर कामाला होते, तीन आठवडे तिकडे आणि तीन आठवडे घरी. म्हणजे माझ्या लहानपणातले निम्मे बाबा समुद्राने खाल्ले. मी चिडकी झाले ती त्यामुळेच, असं आई म्हणायची. बाबा मला ठिणगी म्हणायचे, अजूनही म्हणतात. रिगवर ठिणगीइतकं धोक्याचं दुसरं काही नसतं, तरी त्यांनी पोटच्या पोरीला तेच नाव दिलं. वायू असतो तिथे खाली गुहा नसते, हे त्यांनीच मला समजावलं होतं. खाली स्पंजासारखा दगड असतो आणि त्याच्या बारीक भोकांत वायू. वायू काढून घेतला की वरच्या वजनाने दगड दबतो. तसा तो दबला, आणि चाळीस वर्षांत गाव हातभर खाली गेलं. आता मोठ्या भरतीला खालच्या गल्ल्यांत पाणी येतं. सरकारने टेकडीवर प्रत्येक घराला दोन दोन खोल्या देऊ केल्या. निम्म्या लोकांनी त्या घेतल्या. उरलेल्यांनी अर्ज केला की आम्हाला समुद्राला भिंत बांधून द्या. सरकार म्हणालं, तीन टक्क्यांत हे बसत नाही, मुद्दल मोडावं लागेल. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, ते आमच्या देशाला बघूनच सुचलं असावं.

बैठकीच्या आधीच्या रविवारी मी घरी गेले, तेव्हा भरदुपारी भरती होती. पाणी समुद्राच्या बाजूने येत नाही. ते गटाराच्या जाळीतून येतं, गुपचूप, घरच्याच माणसासारखं. बघता बघता गल्लीत आभाळ उतरलं. एक चप्पल, एक निळी बादली, कुणाचा तरी चेंडू आमच्या दारावरून सावकाश निघून गेले. इतकं शांत होतं की गाव बुडतंय असं वाटतच नव्हतं, त्याला दुपारची झोप लागत होती. मी आणि बाबा चहाचे कप घेऊन बाहेरच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलो होतो. खालच्या तिन्ही पाण्यात होत्या. हे घर बाबांनी त्या तीन तीन आठवड्यांच्या सुट्यांत स्वतः बांधलं, दर वर्षी एक खोली. उंबरा त्यांनी तीनदा विटा लावून वाढवला आहे, त्यामुळे आत जाताना आता पाय चांगलाच उचलावा लागतो.

समोरच्या शिवणकामवाल्या काकू गुडघाभर पाण्यातून आल्या. डोक्यावर कापडांचं बोचकं, हातात चपला.

"खुर्चीत तू बसणार म्हणे?" त्या खालूनच ओरडल्या. "अगं, मग झालंच की काम! घरचीच मुलगी."

"काकू, तिथे मी घरची नसते."

"नसू दे. दोन शब्द टाक आमच्यासाठी. भिंत होऊ दे, जन्मभर तुझे कपडे फुकट शिवीन."

"काय म्हणतेय ही?" बाबांनी विचारलं. रिगवरच्या यंत्रांनी त्यांचा डावा कान नेला आहे, म्हणून ते सगळ्या गावाला ऐकू जाईल असं बोलतात.

"लाच देतायत मला, बाबा."

"घे मग. तुझे कपडे असेही बघवत नाहीत."

काकू हसत हसत पाण्यातून गेल्या आणि त्यांच्यामागे गल्लीतलं आभाळ बराच वेळ हलत राहिलं. ते स्थिर होईपर्यंत बाबांनी कप रिकामा केला.

"एकदा रिगवरच्या जेवणघरात आम्ही नकारासाठी हात वर केले होते," मग ते म्हणाले. "कंपनी म्हणाली, तुम्हाला घसघशीत बोनस देतो, फक्त निधीत जास्त जाऊ नये म्हणून सरकारकडे जाणाऱ्या अर्जावर सह्या करा. एकशे ऐंशी माणसं होतो. एकानेही सही केली नाही. आपल्यामागे येणाऱ्यांचं आहे म्हणालो. खाली काय होणार ते आम्हाला माहीत नव्हतं असं समजू नकोस. दगड दबतो हे मला तेव्हाही माहीत होतं."

"बाबा..."

"ऐक. त्या खुर्चीत माझी मुलगी बसायची नाही. खुर्चीचं माणूस बसेल. माझ्या घरासाठी तोंड उघडलंस, तर या घरात पाऊल टाकू नकोस."

"पाऊल टाकायला घर राहिलं पाहिजे ना!"

"ते माझं मी बघेन."

मी चिडले. कप तिथेच ठेवला आणि वर जाऊन आईच्या पलंगावर पडून राहिले. पाण्यावरून उडालेला उजेड छतावर नाचत होता. मला भिंत हवी होती, हे सरळच सांगते. टेकडीवरच्या दोन खोल्यांत बाबा महिन्याभरात मिटून जातील, असं मला वाटत होतं. ज्या माणसाने दर वर्षी एक खोली बांधली, त्याला कुणीतरी बांधलेल्या दोन खोल्यांत कसं ठेवायचं?

परतीच्या गाडीत मी भाषण लिहून काढलं. अजूनही मला ते चांगलंच वाटतं. मी लिहिलं होतं की निधी आणि ही पोकळी हा एकच वारसा आहे. दगडातला वायू वर आला त्याचे पैसे झाले, आणि तो गेला तिथे खड्डा झाला. पैसे तुम्ही माझ्यासाठी जपून ठेवलेत, खड्डा मात्र एका गावाच्या गळ्यात घातलात. ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणून ते गाव आज ओरडतंय. मी न जन्मलेली सांगते, खड्डाही माझाच आहे, तो माझ्या पैशाने भरा. हे वाचताना माझेच डोळे भरून आले. मग मी इंजिनियरांचा अहवाल उघडला आणि चौसष्टाव्या पानावर लिहिलं होतं की जमीन अजून बसते आहे. भिंत चाळीस वर्षं टिकेल. त्यानंतर ती दुप्पट खर्चाने उंच करावी लागेल किंवा गाव सोडावं लागेल. मी अहवाल मिटला आणि गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसले. बघण्यासारखं काही नव्हतं.

बैठक सकाळी अकराला होती. ती सगळ्यांना थेट दाखवतात. गावाने शाळेच्या सभागृहात मोठा पडदा लावला होता. बाबा पहिल्या रांगेत बसले होते, उजवा कान पडद्याकडे करून. हे मला नंतर कळलं. खोलीत आल्यावर तीनटक्के माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "पाणी पिऊन घे." त्याच्या तोंडून तीन सोडून दुसरं काही निघालं की समजावं, प्रसंग गंभीर आहे.

सात सभासद एकामागून एक बोलले. दोघे नाही म्हणाले. पाच जण हो म्हणाले. पाचव्याचा होकार आला तेव्हा मला पडद्यापलीकडचं सभागृह ऐकू आल्यासारखं झालं. आता फक्त खुर्ची उरली होती. भाषण माझ्या खिशात घडी करून होतं आणि माझ्या नात्यागोत्याची चौकशी कोणी करणार नव्हतं.

"तुम्ही कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अजून कोणीच नाही," मी म्हणाले.

आणि तसं झालं. कसं झालं ते मला सांगता येत नाही. पाय लोंबकळत होते, त्यांना मुंग्या आल्या आणि मग ते माझे राहिले नाहीत. आधी इमारती गेल्या, सगळ्या तीनशे बारा, दिवे मालवत गेल्यासारख्या. मग टेबलाभोवतीचे चेहरे गेले. आईचा आवाज गेला. बाबांचा चेहरा बराच वेळ राहिला, त्यावरच्या सुरकुत्या एकेक करून पुसल्या गेल्या आणि शेवटी तोही नव्हता. मला भीती वाटली नाही. भीती वाटायला कोणी असावं लागतं.

मग मी कुठेतरी जात होते. खाली उथळ, हिरवट पाणी होतं आणि वर पांढरं ऊन. पाण्याच्या तळाशी सरळ रेषा दिसत होत्या, गल्ल्या असाव्यात तशा. एका ठिकाणी वर जाणाऱ्या पायऱ्या होत्या, पण वर काहीच नव्हतं. लहान लहान मासे त्या पायऱ्या चढत होते, उतरत होते. मला त्याची गंमत वाटली. तेवढंच. तिथे कोण बसायचं, काय बोलायचं, कुणी किती विटा लावल्या, याचं मला काहीही नव्हतं. काळजात कुठेही दुखलं नाही. मी त्यावरून पुढे गेले. मला भूक लागली होती, आणि आपल्यासाठी कोणी काही ठेवलं असेल का, एवढाच एक विचार माझ्या मनात होता.

मी चार मिनिटं गप्प होते म्हणे.

"मला भिंत नको," मी म्हणाले. "भिंत चाळीस वर्षं टिकेल. मी त्यानंतर येणार आहे. तोवर भिंतही नसेल आणि तिच्यात घातलेले पैसेही नसतील. माझं आहे तसं ठेवा."

आवाज माझाच होता आणि मी तो दुसऱ्या कुणाचा ऐकावा तसा ऐकला. अध्यक्षबाईंनी अर्ज बाद झाल्याचं लिहून घेतलं. मग पायांत रक्त परत आलं, सगळं दुखायला लागलं, आणि मी पुन्हा बाबांची मुलगी झाले. खिशातलं भाषण हाताला लागलं. ते जन्मलेल्या मुलीचं भाषण होतं, तिला तिथे बसायला जागाच नव्हती. मला इतकं रडू आलं की खुर्चीतून खाली उतरायला तीनटक्केने हात दिला.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. ओहोटी होती, गल्ली कोरडी, भिंतींवर मिठाच्या पांढऱ्या रेघा. गावाचा राग मी सोसणार होते, त्याची मनाशी तयारी केली होती. काकूंचं मशीन खिडकीत चालू होतं. मला बघून त्यांनी ते थांबवलं नाही, मान खाली घालून शिवत राहिल्या. एक माणूस मला ओळखत असूनही पलीकडच्या कडेने गेला. हे सगळं मी सोसलं, कारण घरी बाबा होते. बाबांनी पाठीवर हात ठेवला की पुरे, असं मी गाडीत बसल्यापासून स्वतःला सांगत आले होते. ते म्हणाले होते तशी मी बसले होते. त्यांची मुलगी म्हणून बसले नव्हते.

दार उघडंच होतं. बाबा खाली जमिनीवर बसून भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते. एक खोकं भरून बांधलेलं होतं, दुसरं अर्धं झालं होतं. खोक्यावर टेकडीवरच्या खोलीचा नंबर लिहिलेला.

"ऐकलंत ना?" मी विचारलं.

"ऐकलं. चांगल्या कानाने ऐकलं." त्यांनी वर पाहिलं नाही. "बरोबर बोललीस. त्या खुर्चीला शोभेल असं बोललीस. आमच्या एकशे ऐंशी जणांतले जे उरलेत ते सगळे तिथे होते. कुणी काही म्हणालं नाही."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि हात पाठीवर येण्याची वाट बघू लागले. त्यांनी आईची बशी घेतली, ती कागदाच्या मधोमध ठेवली, एक कोपरा दुमडला, आणि तिथेच थांबले. बशी तशीच त्यांच्या मांडीवर राहिली. बाहेरून काकूंच्या मशीनचा आवाज येत होता.

"ठिणगे," ते इतक्या हळू म्हणाले की मला वाटलं, हा त्यांचा आवाजच नाही. "थोडं खोटं बोलली असतीस तर चाललं असतं गं."

"तुम्हीच म्हणालात, बाबा. तोंड उघडलंस तर या घरात पाऊल टाकू नकोस. तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणायचं असतं तसं," बाबा म्हणाले. "जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. नेमकं हेच ऐकायचं होतं?"